बीळ माझं, लाह्या नागोबाच्या

मी एक जुनी काळी इंगळी आहे. दचकू नका मित्रांनो, पायातली चप्पल पायातच राहू द्या. इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू, बीळ खणून राहणारा. माझं वय आठ वर्षं, म्हणजे आमच्यात पिकलं पान. तो लहानसा तांबडा विंचू असतो ना, ज्याच्या डंखानं माणसं दगावतात, तो आमचा लांबचा भाऊबंद. करणी त्याची आणि बोंब आमच्या नावानं. माझे चिमटे जाडजूड आहेत, त्यामुळे भक्ष्य धरायला मला नांगी फारशी लागत नाही, आणि तिच्यातलं विषही बेताचंच आहे. तरी उगाच बोट घालून बघू नका. पण हे सगळं सांगायला मला आजवर कोणी बोलावलं नाही.

बोलावतात ते नागोबाला. लाह्या त्याला, दूध त्याला, हळद त्याला, हात जोडायचे ते त्याला. मी स्पष्टच सांगते, मी त्याच्यावर जळते. पाच वर्षं जळले. जो माझ्या दारात एकदाही आला नाही, ज्याची शेपटीसुद्धा मी कधी पाहिली नाही, त्याच्यावर जळले. हसायचं असेल तर हसून घ्या. गोष्ट पुढे गेली की हसू येणार नाही.

माझा जन्म परळचा. मोरजकर चाळीची मागची बाजू आणि बंद पडलेल्या गिरणीची उंच भिंत, यांच्यामध्ये मातीचा एक उतार होता. गिरणीचा पाया खणला तेव्हाचा मुरूम तिथे टाकला होता म्हणे. पुढे त्यावर करंज उगवला, त्याची मुळं खोल गेली, पाचोळा साठला, कुजला, आणि त्या मुरमाची चांगली तांबडी माती झाली. आम्हाला अशीच माती लागते. फार ओली असली तर छत अंगावर कोसळतं, फार कोरडी असली तर चिमट्यात येत नाही. उतार हवा, म्हणजे पावसाचं पाणी आत न शिरता खाली निघून जातं. वर एखादं मूळ किंवा दगड हवा, म्हणजे दार ढासळत नाही. एवढ्या मोठ्या मुंबईत अशी जागा राहिली होती हे आमचं नशीब.

तुम्ही म्हणता, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ज्यानं ही म्हण केली त्यानं आमची एखादी बाई पोरं पाठीवर घेऊन चाललेली पाहिली असणार, आणि त्याला वाटलं ही बेघर. अहो, पाठीवर पोरं असतात. घर जमिनीतच असतं, आणि ते खणताना जीव अर्धा होतो. माझी शेवटची कात टाकून झाली आणि मी करंजाच्या मुळाखाली खणायला घेतलं. (कात मीही टाकते बरं का. पण कौतुक त्याच्याच कातीचं.) चिमट्यांनी माती फोडायची, पायांनी मागे ओढायची, बाहेर नेऊन टाकायची, परत आत. महिनाभर मला दुसरं काही सुचलं नाही. दीड हात तिरपा बोगदा, शेवटी वळण, वळणापाशी पोरांसाठी खोली. वैशाखात वरची माती पोळायची तेव्हाही त्या खोलीत गारवा असायचा. दार मात्र आमचं सगळ्यांचं एकाच घडणीचं, आडवं आणि चपटं, चंद्रकोरीसारखं. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मला कान नाहीत. डोळे आहेत, पण त्यांना उजेड आणि सावली यापलीकडे फारसं कळत नाही. मी पायांनी ऐकते. जमिनीला जे कळतं ते मला कळतं, आणि चाळीच्या जमिनीला सगळंच कळतं. तळमजल्यावरचा धोंडू उजवा पाय ओढत चालतो. दुसऱ्या मजल्यावरची लक्ष्मी धावतच जिना उतरते आणि शेवटच्या पायरीवर नेमकी थबकते. आणि शकूकाकी. तिची टाच जड. नवरा याच गिरणीत होता, तो गेला, गिरणीही गेली. काकी मात्र मोरीला लागून असलेल्या शेवटच्या खोलीत राहिली. ती मागच्या दाराशी येऊन उभी राहिली की माझ्या खोलीतली माती जराशी थरथरायची.

माझं बीळ नवं होतं तेव्हाची गोष्ट. श्रावण लागला आणि नागपंचमी आली. चाळीतली निम्मी घरं कोकणातली. गावाला वारुळाशी जाऊन नागाची पूजा करायची रीत, इथे परळात वारूळ कुठून आणायचं? दर वर्षी पाटावर गंधाचा नाग काढून भागवायचे. त्या वर्षी लक्ष्मी करंजाखाली आघाडा उपटायला आली आणि शेवटच्या पायरीवर थबकावी तशी माझ्या दारापाशी थबकली.

"शकूकाकी, लवकर या. बीळ आहे इथे. नागाचंच असणार."

शकूकाकी आली. तिच्या टाचांचा भार बराच वेळ एका जागी राहिला. ती वाकली, मग गुडघ्यांवर बसली, आणि तिचा श्वास माझ्या दाराशी आला.

"जागा आहे खरी," ती म्हणाली. "इथेच पुजूया."

झालं. दुपारी सगळ्या बाया हजर. हळद, कुंकू, दुर्वा, लाह्या, पातोळ्या. आणि कोणीतरी भक्तिभावानं पेलाभर दूध माझ्या दारातून आत ओतलं. महिनाभर राबून खणलेल्या माझ्या खोलीत दुधाचा चिखल झाला, मागोमाग मुंग्यांची रांग लागली. मी तोंड फिरवलं, चिमट्यांनी माती ओढली आणि दार आतून लिंपून टाकलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीनं चाळभर सांगितलं, नागोबानं दूध पिऊन दार लावून घेतलं. दार मी लावलं होतं. माझ्या चिमट्यांना दोन दिवस कळ होती, आणि चमत्कार त्याच्या नावावर जमा झाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा जळले.

मग काय विचारता. करंजाच्या बुंध्याशी नागाच्या चित्राची फरशी आली. सोमवारी दिवेलागणीला निरांजन आलं. धोंडूला एका संध्याकाळी प्रत्यक्ष नाग दिसला, फणा सुपाएवढा. मी तेव्हा दारातच बसले होते मित्रांनो, तिथे चाळीच्या पाण्याचा काळा पाईप पडला होता, दुसरं काही नव्हतं. चाळीच्या मोरीतली झुरळं रोज संध्याकाळी बाहेर पडायची आणि त्यातली किती माझ्या चिमट्यात यायची याची मोजदाद कोण ठेवतो? दोन वर्षांत झुरळं निम्म्यावर आली. बाया म्हणाल्या, नागोबाची कृपा. नागानं कधी झुरळ खाल्लेलं ऐकलंय तुम्ही? मी आत बसून नांगी आपटत राहायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण त्या म्हणीतला नागोबा निदान बिळात येऊन राहतो तरी. हा न येताच मालक झाला.

शकूकाकीचा राग तर मला सगळ्यात जास्त. सगळ्यांची पुढारी तीच. पोरं चेंडू घेऊन उतारावर आली की ती खोलीतूनच ओरडायची, "नागोबाची जागा आहे रे, पलीकडे जा." पेस्ट कंट्रोलवाला फवारा घेऊन आला तेव्हा तिनं त्याला मोरीपाशीच अडवलं. "तिथे देव आहे, तिकडे औषध मारायचं नाही." दुसऱ्या वर्षापासून दूध आत ओतायला तिनं बंदी केली. म्हणाली, नागोबाला सर्दी होते, द्रोणात घालून बाहेर ठेवा. बाया हसल्या, पण ऐकलं. त्याच्या सर्दीची एवढी काळजी बघून मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी आलेलं झुरळ मी तसंच जाऊ दिलं.

तिची आणखी एक सवय होती. निरांजन ठेवण्याआधी ती माझ्या दाराशेजारी जमिनीवर बोटानं दोनदा टिचकी मारायची. टक, टक. माझ्या पायांत ती टिचकी लख्ख ऐकू यायची आणि मी फणकाऱ्यानं वळणामागे निघून जायचे. नागोबाला बोलावते आहे, मला काय त्याचं?

अशी पाच वर्षं गेली. या वर्षी मला पोरं झाली, बावीस. आमचं बाळंतपण तुमच्यापेक्षा लांबतं, वर्षभर पोटात वागवावी लागतात. जन्मली की दुधासारखी पांढरी, मऊ, नखभर. एकेक करून माझ्या पायांवरून चढून पाठीवर बसली. पहिली कात टाकेपर्यंत ती तिथेच असतात. तोवर त्यांना ना नीट चालता येत, ना अंगाला कवच असतं. आईनं त्या दिवसांत बाहेर पडायचं नसतं. हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्याच दिवसांत चाळीच्या कमिटीनं मागची जागा सपाट करून पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं. सेक्रेटरी यतीन. पस्तिशीचा, विम्याच्या ऑफिसात जाणारा, दोन दोन पायऱ्या गाळून उतरणारा. लहानपणी आई कामाला जायची म्हणून शकूकाकीच्या खोलीत जेवलेला, वाढलेला. करंजाखाली उभं राहून तो आणि काकी वाद घालत होते आणि शब्दन् शब्द माझ्या पाठीवरच्या पोरांपर्यंत पोचत होता.

"काकी, बाईक कुठे लावायच्या आम्ही? रस्त्यावर लावली की उचलून नेतात. भिंतीपर्यंत सगळं करून घेऊ एकदाच."

"भिंतीपर्यंत कर. करंजाच्या बुडाशी चार हात सोड."

"चार हात म्हणजे चार बाईक झाल्या."

"नागोबा आधीपासून राहतो इथे. तू कालचा."

यतीन हसला. मान खाजवली असेल. बायांना दुखवून कमिटी चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. "बरं. पंचमी होऊन जाऊ दे. त्या दिवशी तुम्ही माती उकरू देणार नाहीच. दुसऱ्या दिवशी कामगार येतील. नागाची जागा सोडतो, प्रॉमिस."

म्हणजे माझं घर वाचलं. माझी बावीस पोरं वाचली. मित्रांनो, शहाण्या बाईनं त्या वेळी देवाचे आभार मानले असते. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आता याच्या नावानं चार हात जमीनसुद्धा झाली. मी खणलं, मी राखलं, मी इथे बाळंत झाले, आणि सातबारा त्याचा. त्या रात्रीपासून मला तेवढंच दिसत राहिलं.

पंचमी उजाडली. ऊन पडलं होतं. यंदा पूजा थाटात होती, कारण जागा वाचल्याचा आनंद होता. यतीनही आला होता, लक्ष्मीनं त्याला ओढूनच आणलं होतं. टक, टक, शकूकाकीची टिचकी आली. मी वळणामागे गेले. मग फरशीवर हळद पडली, लाह्यांची रास माझ्या दारात आली, राशीशेजारी दुधाचा द्रोण. बाया हात जोडून उभ्या राहिल्या. लक्ष्मी मोठ्यानं म्हणाली, "नागोबा महाराज, तुमच्यामुळे चाळीला झुरळांचा त्रास नाही, पोराबाळांना दुखणं नाही. असंच घर राखा आमचं."

झुरळांचं नाव निघालं आणि मला राहवलं नाही.

बाहेर पडायचं नसतं हे मला माहीत होतं. तरी मी निघाले. वळण ओलांडलं, बोगदा चढले, भर उन्हात दारात आले आणि लाह्यांच्या राशीवर जाऊन उभी राहिले. चिमटे उगारले, नांगी उभी केली. बघा म्हटलं, नीट बघा. पाच वर्षं तुम्ही कोणाला हात जोडताय ते बघा. हे घर कोणाचं आहे ते बघा.

मग लक्ष्मीची टाच मागे सरकली. "अगो बाय, ही इंगळी."

"इंगळीच आहे," धोंडू म्हणाला. सुपाएवढा फणा बघणारा तोच धोंडू.

यतीन हसायला लागला. पोट धरून हसला. "काकी, हा तुमचा नाग? पाच वर्षं चाळ विंचवाला दूध पाजत होती?" बायाही हसल्या, आधी लाजून, मग मोकळ्या. मी पाच वर्षं वाट पाहिली होती की यांनी मला ओळखावं. ओळखलं, आणि पहिली गोष्ट कोणती झाली असेल, तर धोंडूनं पायातली चप्पल काढली.

चप्पल हवेत होती तेवढ्यात शकूकाकी मध्ये आली. त्या वयात ती एवढी झटकन हलेल असं मला वाटलं नव्हतं.

"खाली ठेव, धोंडू. पंचमी आहे आज. आज चिरायचं नाही, खणायचं नाही, मारायचं तर नाहीच नाही. आणि डोळे उघडून बघ, लेकुरवाळी आहे ती."

धोंडूनं चप्पल खाली टाकली. पण त्या धक्क्यानं मी गर्रकन वळले, लाह्या पायाखालून घसरल्या, आणि माझ्या पाठीवरून काहीतरी निसटलं. मी नांगी टाकली आणि बिळात पळाले. मागून यतीनचा आवाज आला. आता त्यात हसू नव्हतं, पण रागही नव्हता, कामाचा आवाज होता. "मग काकी, आता काही प्रश्नच नाही. विंचवासाठी चार हात कोण सोडणार? उद्या भिंतीपर्यंत सरळ करून घेतो. पोरं खेळतात इथे, बरंच झालं कळलं ते." बाया तबकं उचलून गेल्या.

खोलीत येऊन मी स्वस्थ बसले तेव्हा पाठ हलकी लागली. एकोणीस होती. तीन नव्हती.

दुपार टळल्यावर जड टाच आली. शकूकाकी एकटीच होती. बादली पालथी घालून ती माझ्या दाराशी बसली. मग तिनं द्रोण उचलला, आणि थांबली. पांढऱ्या दुधात पांढरी पोरं बायांना कोणाला दिसली नव्हती. तिनं ती बोटानं एकेक करून काढली, करंजाच्या पानावर ठेवली आणि पान माझ्या दाराशी आणून ठेवलं. पानाला दुधाचा वास होता. तीनही निपचित होती.

मग ती बोलली. चाळीतल्यांशी बोलायची तशी नाही, गावाकडच्या बोलीत, घरच्या माणसाशी बोलावं तशी.

"माका पयल्या दिवसापासून ठावक होता गो. नागाचा बीळ गोल आसता. तुजा चंद्रकोरीसारखा. आमच्या परड्यात काय कमी होते इंगळे?" तिनं नाक ओढलं. "पण तेव्हा मी इंगळी म्हणान सांगितला असता, तर त्याच दिवशी ह्यांनी रॉकेल वतला असता. म्हणान म्हटला, आसू दे नागोबा. नागोबाच्या नावान तू जगशीत तरी. आणि तू कित्याक इलंस भायर? टिचकी मारून सांगी होतंय ना, माणसा इली, आत जा म्हणान?"

मित्रांनो, आम्हाला रडता येत नाही. पण त्या दिवशी मला माझ्या पाच वर्षांतलं एकेक आठवत गेलं. पलीकडे गेलेला चेंडू. मोरीपाशी अडलेला फवारा. सर्दी होणारा नागोबा. जे जे मी त्याचं म्हणून मोजून ठेवलं होतं, ते सगळं माझं होतं. तो तर माझ्यावर घातलेलं पांघरूण होता, आणि मी ते भर दुपारी स्वतःच्या हातानं फेडून टाकलं. आणि त्याची किंमत त्या तीन पोरांनी दिली, ज्यांना नाग कोण हेही माहीत नव्हतं.

पंचमीला माती उकरायची नाही हा नेम काकीनं स्वतःही मोडला नाही. ती दुसऱ्या दिवशी उजाडताच आली, कामगार यायच्या आत. बरोबर यतीन होता, तिनं झोपेतून उठवून आणलेला.

"मला चावली तर?" तो म्हणाला.

"तू बादली धर फक्त. लहानपणी तुला घास भरवताना तू किती वेळा चावलास मला, मेले का मी?"

काकीनं खुरप्यानं हळूहळू दार रुंद केलं. मग झाडूची एक हिराची काडी आत सरकवली आणि अलगद फिरवली. मी काडी चिमट्यात धरली आणि सोडली नाही. तिनं मला तशीच ओढून बादलीत घेतलं, वर करंजाखालची तांबडी माती लोटली, आणि धुवट फडकं बांधलं. एकोणीस पोरं पाठीला चिकटून होती. यतीननं बादली पायांमध्ये ठेवली, काकी मागे बसली, आणि आम्ही स्कूटरवरून पूल ओलांडून शिवडीकडे निघालो. मागे उतारावर पहिली कुदळ पडली, ती माझ्यापर्यंत पोचली नाही. माझ्या पायांखाली आता जमीन नव्हती, नुसता यंत्राचा गुरगुराट होता.

शिवडीच्या किल्ल्याखाली उतार आहे. तशीच तांबडी माती, तसेच काळे दगड. तिथे सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ काठी आपटत जवळ आले. "काय आहे हो बादलीत? कचरा टाकायचा नाही इथे."

यतीननं शकूकाकीकडे पाहिलं असेल. विंचू आहे म्हटलं असतं तर ती काठी कुठे पडली असती, ते मला कळत होतं आणि त्यालाही. कालच तो हसला होता.

"नागोबा आहे, काका," तो म्हणाला. "पंचमीचा. सोडायला आलोय."

काठी दोन पावलं मागे सरकली. मग ती खाली ठेवल्याचा आवाज आला. दोन्ही हात जोडायचे तर काठी खाली ठेवावीच लागते.

मला त्याच दिवशी मत्सर सोडायला हवा होता. सोडला म्हणून सांगितलं तर गोष्ट छान वाटेल, पण खोटं कशाला बोलू? ते हात त्याच्यासाठी जोडले हे कळून मी बारीकशी जळलेच. फरक एवढाच, की या वेळी मी फडक्याखाली गप्प बसले.

काकीनं एका रुंद दगडाखाली मला सोडलं. मग कमरेच्या पिशवीतून हळदीची पुडी काढली, पावसाच्या ओलीत कालवली आणि दगडावर बोटानं नाग काढला. चांगला ठसठशीत, फण्यासकट. चार लाह्याही ठेवल्या. दूध आणलं नव्हतं. यतीननं मोबाईल काढून फोटो घेतला आणि मग तो खिशात घातला. निघताना काकी दगडाशी वाकली. टक, टक.

त्या दगडाखाली मी नवं घर खणलं. या वयात ते आधीच्यासारखं झालं नाही, हातभरच झालं. पोरांनी पहिली कात टाकली, काळी झाली, पाठीवरून उतरली आणि एकेक करून दगडांमागे निघून गेली. पाऊस हळद धुऊन नेतो. पण महिन्या-दीड महिन्यानं स्कूटरचा गुरगुराट येतो, जड टाच उतरते आणि नाग पुन्हा पिवळा होतो. येणारे जाणारे त्याला नमस्कार करतात. मी आत बसून थोडी जळते, आणि दार चंद्रकोरीसारखं नीट कोरून ठेवते.

मित्रांनो, मला हात जोडू नका. लाह्या नकोत, आणि दूध तर कधीच आणू नका. तुमच्या अंगणात, टेकडीवर, झाडाच्या बुडाशी असं आडवं, चपटं दार दिसलं, तर आत बोट घालू नका, रॉकेल ओतू नका आणि त्यावर फरशीही बसवू नका. लांबून जमिनीवर दोनदा टिचकी मारा आणि निघून जा. तुम्हाला कदाचित वाटेल, ऐकायला आत कोणी नाही. शकूकाकी मारते तेव्हा मी आता वळणामागे जात नाही. दारापर्यंत येते आणि ती जाईपर्यंत तिथेच बसून राहते. लाह्या नागोबाच्या असतील, टिचकी माझी आहे.